मँटिस पाळायचा तर आधी माश्या पाळा

मँटिस पाळायचं म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या जेवणाचा. आठवड्यातून दोन-तीनदा, जिवंत, हलतंडुलतं भक्ष्य कुठून आणणार? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर बेत पुढे ढकलावा. कुत्रा पोळीवर निभावून नेतो, माशांना डब्यातले दाणे चालतात. मँटिस मात्र हालचाल दिसली तरच झडप घालतो. मेलेली माशी समोर ठेवली तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. डबा, जाळी, पाण्याचा फवारा ही जमवाजमव एका संध्याकाळी होते. माश्यांची सोय लागायला मात्र दोन आठवडे जातात, म्हणून सुरुवात तिथून करायची.

खंडोबाचा किडा, प्रार्थनाकीटक, मँटिस, काहीही म्हणा. याच्या जगभरात सुमारे अडीच हजार जाती आहेत. युरोपात, अमेरिकेत आणि जपानमध्ये तो हौसेने पाळला जातो, त्याची पिल्लं विकली जातात. ते व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलंही आता आईबाबांमागे लकडा लावतात. मागणी वाईट नाही. केस नाहीत, आवाज नाही, वास जवळजवळ नाही, आणि सबंध संसार मावतो एका बरणीत. फक्त त्याचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं असतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे: विकत घेऊ नका. परदेशातून जिवंत कीटक आणायला सरकारची परवानगी लागते. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशात ते स्पष्ट आहे. मोबाइलवर फोटो पाठवून ‘ऑर्किड मँटिस’ विकणाऱ्याकडे तो कागद मागून बघा, बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपेल. दुसरं कारण अधिक गमतीचं आहे. युरोपातल्या दुकानांत ‘जायंट एशियन मँटिस’ म्हणून जो विकला जातो तो हायरोड्युला गटातला, आणि त्या गटाच्या जाती आपल्याकडे कढीपत्त्याच्या झाडावर बसलेल्या असतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास, पंख फुटलेले मोठे मँटिस दिसू लागतात. नर तर रात्री ट्यूबलाइटवर येऊन आदळतात. त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये झुडपांवर नीट बघितलं तर पिल्लं सापडतात. सोसायटीच्या बागेतलं एखादं पिल्लू आणून वाढवावं, मोठं झालं की त्याच झुडपावर सोडून द्यावं. पैसा लागत नाही आणि हवामान जुळवण्याची यातायातही वाचते.

पथ्यं दोनच. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात दिसलेल्या मँटिसचा फोटो काढावा आणि पुढे चालू लागावं. दुसरं, बाहेरून आणलेल्या मोठ्या मँटिसच्या पोटात कधी कधी केसासारखा लांब, काळपट कृमी असतो. पाण्याचा स्पर्श झाला की तो बाहेर पडतो, आणि मँटिस त्यातून सहसा वाचत नाही. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण मुलं घाबरतात. पोट फुगलेलं आणि तरीही खाण्याकडे लक्ष नाही असा मोठा मँटिस आणण्यापेक्षा लहान पिल्लू बरं.

परदेशातल्या मराठी घरांसाठी हिशेब वेगळा. ब्रिटनमध्ये मँटिस पाळायला परवाना लागत नाही. हौशी कीटकप्रेमींच्या संस्थेचं प्रदर्शन शरद ऋतूत लंडनजवळच्या केम्प्टन पार्क रेसकोर्सवर भरत आलं आहे. अशा ठिकाणी ज्यांनी पिल्लं स्वतः वाढवली त्यांच्याशीच बोलता येतं, आणि ते दुकानापेक्षा केव्हाही चांगलं. अमेरिकेत बाहेरच्या जातींसाठी तिथल्या कृषी खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे तिथलाच कॅरोलिना मँटिस घ्यावा. तिथल्या नर्सऱ्यांत वसंतात चिनी मँटिसच्या अंड्यांच्या पुड्या बागेतल्या किडींवर उपाय म्हणून विकतात. ही जात 1896 च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ पहिल्यांदा आढळली आणि आता तिथलीच झाली आहे. किडींवर उपाय म्हणून मात्र तिचा भरवसा धरू नये. मँटिस मावा आणि मधमाशी यांत भेद करत नाही. जे हललं आणि झेपलं ते खातो. ऑस्ट्रेलियात दुकानांतून तिथल्या स्थानिक जाती मिळतात, त्याच घ्याव्यात.

पाळलेला परका मँटिस कंटाळा आला म्हणून बाहेर सोडू नये, हे सर्वच देशांना लागू आहे. न्यूझीलंडमध्ये 1978 साली दक्षिण आफ्रिकेतली एक जात ऑकलंडला आढळली. तिथल्या मूळच्या मँटिसचे नर या परक्या माद्यांच्या गंधाला भुलून जवळ जातात आणि खाल्ले जातात. मूळची जात त्यामुळे मागे हटत चालली आहे.

आता विकत घेताना काय बघायचं. मँटिसचं वय महिन्यांत मोजत नाहीत, किती वेळा कात टाकली त्यावर मोजतात. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू ‘एल वन’, एकदा कात टाकली की ‘एल टू’, अशी चढती भाजणी. नवख्याने ‘एल थ्री’ ते ‘एल फाइव्ह’च्या दरम्यानचं पिल्लू घ्यावं. ‘एल वन’ स्वस्त मिळतं, पण ती पिल्लं डासाएवढी असतात आणि अनुभवी लोकांच्या हातूनही बरीच दगावतात. पूर्ण पंखांचा मँटिस दिसायला देखणा, मात्र त्याचे काही महिनेच उरलेले असतात. शेवटची कात कधी टाकली हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर घेऊ नये. जात कोणती, नर की मादी, सध्या काय खातो, हेही विचारावं.

जातीबद्दल लोक चित्रं बघून ठरवतात, तिथे गडबड होते. ऑर्किड मँटिस फुलासारखा दिसतो म्हणून सगळ्यांना हवा असतो, पण त्याला आर्द्रता सतत जपावी लागते. आपल्या दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला व्हायोलिन मँटिस, म्हणजे गाँजिलस, त्याहून चोखंदळ: तिशीच्या वरची उष्णता हवी आणि भक्ष्य शक्यतो उडणारंच हवं. पहिल्या खेपेला हायरोड्युला, आफ्रिकेतला स्फोड्रोमँटिस किंवा सुकलेल्या पानासारखा दिसणारा घोस्ट मँटिस, एवढ्यांतूनच निवडावं.

नर-मादी ओळखायला पोटाच्या खालच्या बाजूची वलयं मोजायची. मादीला सहा दिसतात, नराला आठ. पिल्लू मोठं झालं की भिंगाशिवायही हे जमतं. मादी आकाराने मोठी, खादाड आणि जास्त जगणारी. नर सडपातळ, मोठा झाला की उडून दिव्यावर जाणारा. घरात एकच ठेवायचा असेल तर मी मादी घेईन.

डोळे नीट बघा. काचेवर घासून घासून डोळ्यावर तपकिरी डाग पडलेला असू शकतो; तसा मँटिस नको. पण डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि आपण जिकडे जाऊ तिकडे तो रोखून बघतोय असं वाटतं, तो दोष नव्हे. संयुक्त डोळ्याची जी नळकांडी बरोबर आपल्या दिशेला असतात त्यांच्यातून प्रकाश परत येत नाही, म्हणून तिथे काळं दिसतं. रात्री दोन्ही डोळे पार काळे होतात, सकाळी पुन्हा हिरवट. हा बदल पहिल्यांदा बघून बरेच जण घाबरतात, म्हणून सांगितलं.

घराचा नियम उंचीचा आहे. मँटिसच्या लांबीच्या किमान तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी हवी. फार मोठं घरही नको, लहान पिल्लाला त्यात भक्ष्यच सापडत नाही. सगळ्यात महत्त्वाचं छत. मँटिस दिवसाचा बराच वेळ छताला उलटा लटकून असतो आणि कातही तसाच टाकतो. छत गुळगुळीत प्लास्टिकचं असेल तर पाय निसटतात. माझी आवडती युक्ती अशी: मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्यायची, तिचा तळ कापून तिथे खिडकीला डासांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चिकटवायची आणि बरणी उलटी ठेवायची. जाळीचं झालं छत, झाकणाची झाली जमीन. उघडताना खालून उघडायचं, म्हणजे वर लटकलेल्या मँटिसला धक्का लागत नाही. झाकण वर असलेल्या बरणीत दर वेळी तो झाकणासकट हातात येतो. आत एक-दोन खरखरीत काटक्या तिरप्या लावाव्यात, वरचा तिसरा भाग मोकळा सोडावा. जमिनीवर टिश्यू पेपर पुरे. माती टाकली की बुरशी आणि चिलटं मागोमाग येतात.

हायरोड्युलाला 24 ते 30 अंश तापमान मानवतं. मुंबई-कोकणात काही करावं लागत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत बरणी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीपाशी ठेवावी. उन्हात मात्र कधीही नको, बंद बरणी काही मिनिटांत तापते. पाण्याची वाटी ठेवू नये. रोज किंवा एक दिवसाआड बारीक फवारा जाळीवर आणि भिंतीवर मारायचा. मँटिस ते थेंब चाटून पितो. संध्याकाळपर्यंत बरणी पुन्हा कोरडी व्हायला हवी.

आपल्याकडे पाळलेले मँटिस कशाने मरत असतील तर ते डासांच्या औषधाने. प्लगमध्ये लावायचं द्रव, कॉइल, झुरळांचा फवारा, मुंग्यांसाठी ओढलेली खडूची रेघ, ही सगळी कीटकनाशकंच आहेत आणि मँटिस कीटकच आहे. ज्या खोलीत रात्री हे लावता तिथे बरणी ठेवू नका. सोसायटीत धुरळणी होणार असेल तर त्या दिवशी बरणी आतल्या खोलीत हलवून दार बंद करावं.

आता माश्या. लहान पिल्लांना फळमाश्या लागतात, आपण ज्यांना चिलटं म्हणतो त्या. एका बरणीत अतिपिकलेलं केळं कुस्करून घाला, चिमूटभर बेकरीचं यीस्ट भुरभुरा, वर चुरगळलेला कागद खोचा आणि एक-दोन दिवस ओट्यावर उघडी ठेवा. माश्या आपण होऊन येतात. मग तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर. पंचवीस अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत पुढची पिढी बाहेर पडते. बरण्या दोन असाव्यात, आठवड्याच्या अंतराने लावलेल्या, म्हणजे एक संपताना दुसरी तयार होते. परदेशात उडता न येणाऱ्या फळमाश्या विकत मिळतात. आपल्या घरच्या उडतात. त्यासाठी बरणी चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची. माश्या सुस्तावतात, मग हव्या तेवढ्या मँटिसच्या घरात झटकायच्या. फ्रिजबद्दल घरातल्या माणसांची परवानगी आधी घेतलेली बरी.

मँटिस बोटाच्या दोन पेरांएवढा झाला की चिलटांनी त्याचं भागत नाही. मग घरमाश्या, लहान नाकतोडे, पतंग, रातकिडे. ब्रिटनमध्ये गळ टाकून मासे पकडणाऱ्यांच्या दुकानात अळ्या मिळतात; त्या कोषात जाऊ द्यायच्या आणि निघालेल्या माश्या वापरायच्या. तिथे हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. आपल्याकडे बाहेरून पकडायचं तर जिथे औषधफवारणी होत नाही अशाच जागेतून. स्वयंपाकघरातलं झुरळ देऊ नका, त्याने काय खाल्लं असेल सांगता येत नाही. गांधीलमाशी आणि मुंग्या नकोत. फुलपाखरंही नकोत, त्यांतल्या बऱ्याच जाती कायद्याने संरक्षित आहेत. शिवाय मुलाच्या हातून फुलपाखरू मँटिसपुढे टाकणं मला स्वतःला पटत नाही.

भक्ष्याची लांबी मँटिसच्या निम्म्याहून जास्त नसावी. पिल्लाला एक-दोन दिवसांनी, मोठ्याला तीन-चार दिवसांनी पुरतं, पण खरा निकष पोट. चपटं दिसलं की द्यायचं, गोल गरगरीत दिसलं की थांबायचं. मँटिस स्वतः थांबत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात कर्नाटकातल्या एका गच्चीवरच्या बागेतला हायरोड्युला तळ्यातले गप्पी मासे पकडून खाताना दिसला होता, पाच दिवसांत नऊ. तेव्हा ‘अजून मागतोय’ या सबबीला अर्थ नाही.

एके दिवशी तो खायचं बंद करतो. अगदी आवडीची माशी समोरून गेली तरी मागे सरकतो. इथे नवखे लोक काळजीने आणखी भक्ष्य आत टाकतात, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. दोन-चार दिवस उपास, छताला स्थिर लटकणं, मोठ्या पिल्लाच्या पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेले, ही कात टाकण्याची चिन्हं. लगेच आतलं सगळं भक्ष्य बाहेर काढा. कात टाकताना त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं; त्या वेळी आत राहिलेला रातकिडा त्यालाच कुरतडतो. हवेत थोडा ओलावा राहील एवढा फवारा आधीच मारून ठेवा, कात निघत असताना अंगावर पाणी नको. बरणी हलवू नका, टेबलाला धक्का नको. पाठीकडून जुनी कातडी उकलते, मँटिस डोकं खाली ठेवून हळूहळू त्यातून घसरत बाहेर येतो, थोडा वेळ तसाच लोंबकळतो, मग उलटा वळून आपल्याच रिकाम्या कातीला धरतो. या वेळात तो खाली पडला तर पाय वाकडे सुकतात, आणि तसा मँटिस पुढची शिकार करू शकत नाही. पाळलेली पिल्लं भुकेपेक्षा या पडण्यानेच जास्त जातात असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच छताच्या जाळीवर मी एवढा भर दिला.

कात टाकल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही, खायलाही दुसऱ्या दिवसानंतरच. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा येतो, आधी लहान, मग पुरेसा. पंख आल्यावर मात्र कात टाकणं थांबतं, तेव्हा त्यानंतर मोडलेलं मोडलेलंच राहतं.

हातावर घेता येतो का? येतो. वरून चिमटीत धरू नका, समोर तळहात ठेवा आणि मागून बोटाने अलगद ढकला. तो चालत येतो. विष नाही. चिडला तर पुढच्या पायांचे काटे टोचतात, इतकंच. हातावर असताना जमिनीजवळ बसावं, पंखा बंद करावा. पंखा बंद करायची आठवण विशेषतः नर पाळणाऱ्यांनी ठेवावी.

मुलांना त्याची नजर दाखवा. डोकं वळवून खांद्यावरून मागे बघणारा कीटक विरळाच. त्याला दोन डोळ्यांनी खोलीही कळते. न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड यांच्या गटाने मँटिसच्या डोळ्यांवर मधमाश्यांच्या मेणाने इवलेसे त्रिमिती चष्मे चिकटवले आणि पडद्यावरच्या खोट्या किड्यावर तो झडप घालतो हे 2016 मध्ये दाखवून दिलं. कान मात्र त्याला एकच, छातीच्या मध्यभागी. यॅगर आणि हॉय या दोन शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये त्याचं वर्णन केलं. वटवाघळांचे उच्च कंपनांचे आवाज त्याने ऐकू येतात. घरी चष्म्याचा प्रयोग करू नका. आरशासमोर नेऊन ठेवा, तेवढ्याने पुरेशी करमणूक होते.

दोन मँटिस एका घरात ठेवू नयेत. भावंडं असली तरी एक दुसऱ्याला खातो. जोडी लावायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडूच नका. मादी नराला हटकून खातेच असं नाही, भुकेली असली की जास्त खाते. खरी अडचण नंतरची आहे. वाळलेल्या फेसासारखी दिसणारी अंड्यांची पुडी फुटली की शंभर-दीडशे पिल्लं एकदम बाहेर येतात, आणि तुमच्याकडे फळमाश्यांच्या बरण्या दोन. बागेतलीच जात असेल तर पुडी काटकीसकट त्याच बागेत बांधून या. परकी जात असेल तर पुडी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाका. नर न भेटलेली मादीही अंडी घालते, ती बहुधा फुटत नाहीत. तरी परक्या जातीची असतील तर तीही फ्रीझरमध्येच.

शेवटचे काही आठवडे ओळखू येतात. पायांची टोकं काळी पडतात, पकड सुटते, मँटिस छतावरून खाली येऊन जमिनीवरच बसतो. हा रोग नाही, वय आहे. तेव्हा घराची उंची कमी करावी, माशी चिमट्याने तोंडाशी धरावी, पाणी कापसाच्या बोळ्याने द्यावं. बागेतून आणलेला असेल तर ही वेळ येण्यापूर्वी, पंख फुटल्यावर पंधरा दिवसांतच, सोडलेला चांगला. त्याला जोडीदार शोधायला वेळ मिळतो.

दिवाळीत गावाला जायचं असेल तर पोट भरलेला मोठा मँटिस पाच-सहा दिवस उपाशी काढतो, पाण्याशिवाय मात्र नाही. शेजाऱ्यांना फवाऱ्याची बाटली आणि किल्ली देऊन जा, ‘खायला काही घालू नका’ असं बजावून. पिल्लू असेल तर बरणी बरोबर न्या: आत ओला टिश्यू, एक काटकी, आणि गाडीत सावलीच्या बाजूला. फळमाश्यांची बरणी मात्र डिकीत ठेवू नका. फडकं सुटलं तर प्रवासभर तोच विषय पुरतो.